सतरा नंबरचा ‘हो’

आतल्या खोलीत पेन्सिल पडली आणि फरशीवरून गडगडत पलंगाखाली गेली. दुपारच्या शांततेत एवढ्या आवाजानेही बाहेर लॅपटॉपसमोर बसलेली ती दचकली. सव्वाचार वाजून गेले होते आणि सतरा नंबरचा ‘हो’ अजून आला नव्हता.

लहान मुलांच्या एका मासिकासाठी ती घरून काम करायची. मासिकाच्या शेवटच्या पानावर एक पाच आकडी नंबर छापलेला असे. मुलांनी त्यावर मेसेजने प्रश्न पाठवायचा, तिने दोन ओळींत उत्तर द्यायचं. प्रश्न आधी मोबाइल कंपनीकडे जाई, तिथून मधल्या एका कंपनीकडे. मधली कंपनी फोन नंबर झाकून टाकी, नुसता अनुक्रमांक लावी आणि प्रश्न तिच्या लॅपटॉपवर आणून सोडी. उत्तर त्याच वाटेने उलटं. विचारणारं पोर कोण, कुठलं, तिला कधीच कळत नसे. मासिकाचा एक अंक घरी येई, पण तो चाळायलाही तिला सवड नसे.

तरी सतरा नंबर तिच्या लाडाचा. तो मुलगा असणार, सहा-सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. ‘मासे रडले तर कळतं का?’ ‘कालचा दिवस कुठे जातो?’ असले त्याचे प्रश्न. बाकीच्यांना ती दोन ओळी लिही, त्याला पाच. एकदा तर त्याच्यापायी दूध उतू गेलं होतं.

आता मोबाइल कंपनीने नवा नियम काढला होता. सेवा हवी असेल त्याने आज पाचच्या आत ‘हो’ असा मेसेज पाठवायचा. नाही पाठवला, तर तो नंबर कायमचा बाद. सतराने दुपारीच विचारलं होतं, ‘सावली थकते का?’ उत्तर लिहून तयार होतं, पण त्याच्या ‘हो’शिवाय ते जागचं हलत नव्हतं.

“आई, एक विचारू?”

दारात लेक उभी होती. पाय एका जागी ठरत नसत म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत.

“आत्ता नको गं बाळा. पाच वाजू देत.”

“छोटंसंच आहे.”

“मग छोटंसंच नंतर विचार. जा, आजी काय करतेय बघ.”

भिंगरी गेली. लेकीला पिटाळून तिने मधल्या कंपनीतल्या दादांना फोन लावला.

“दादा, सतराला जरा आठवण करता का? नंबर तुमच्याकडे असतो ना?”

“असतो, पण फोन करायची मुभा नाही, ताई. आम्ही मधले. स्थळ आणणाऱ्याने मुलीशी थेट बोलायचं नसतं.”

“मग लग्न मोडू द्यायचं?”

दादा हसले. “थांबा. मोबाइल कंपनीच्या मॅडमना विचारतो, त्यांना ग्राहकाशी बोलता येतं. पण एका नंबरासाठी बोलणी मीच खाणार हां.”

“खा हो माझ्यासाठी. एवढं एकच पोर आहे.”

ती वाट बघत बसली. लॅपटॉपचा पडदा तसाच. पावणेपाच. आतून सासूबाईंचं फोनवरचं बोलणं सुरू झालं. समोरच्याला फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलत. तिने उठून दार ओढून घेतलं.

दहा मिनिटांनी दादांचा फोन आला.

“ताई, काम झालं. एका बाईंनी उचलला म्हणे. मॅडमनाच म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, लेकराचा जीव आहे त्यात.”

“आई असेल त्याची.”

“असेल. आता मला चहा तरी पिऊ द्या.”

फोन ठेवतेय तोवर पडद्यावर अक्षरं उमटली. सतरा, हो. पाठोपाठ अडकलेलं उत्तर सुटलं आणि बघता बघता दिसेनासं झालं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

कसली आई असेल ती, तिला वाटलं. लेकराचा एकेक प्रश्न ऐकून घेणारी, स्वतःला येत नसेल तर दुसऱ्याला विचारून आणणारी. त्या न पाहिलेल्या बाईचा तिला जरासा हेवाच वाटला.

तिने लॅपटॉप मिटला. दार धाडकन उघडलं आणि भिंगरी नाचत आली.

“वाजले पाच?”

“वाजले.” तिने लेकीला उचलून मांडीवर घेतलं. “आता विचार. कितीही विचार.”

“आता ते नको. ते कळलं मला.” भिंगरी तिच्या गळ्यात पडली. “दुसरंच विचारायचंय.”

“बरं, दुसरं.”

“आजीच्या फोनमध्ये ना, एक मावशी आहे. मासिकातल्या नंबरची. काहीही विचारलं तरी ती ‘नंतर’ म्हणतच नाही. ती आपल्याकडे राहायला येईल का गं?”