बेताचं घोडं

घोडेवाल्या मोहनरावांच्या टेम्पोतून दोन घोडी उतरली, तशी म्हाळसाबाई चुलीपुढून उठली, आणि उठताना कण्हली नाही. गेले आठ दिवस ती कण्हणं गिळत होती, कारण तिचा थोरला मुलगा धुळा तिच्या गुडघ्यावर डोळा ठेवून होता.

डाळजच्या शिवारात, ऊस तुटून गेलेल्या रानात त्यांची मेंढरं बसली होती. उद्या पहाटे तळ हलणार आणि बिऱ्हाड कोकणच्या वाटेला लागणार. भिगवणच्या डॉक्टरनं म्हाळसाबाईला चालायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्यावर धुळानं निकाल देऊन टाकला होता, "घोडं जमलं तर चल, न्हायतर बावड्याला धाकट्याकडं ऱ्हा." धाकट्याकडं पत्र्याची खोली होती, नळ होता, टीव्ही होता. त्या खोलीची म्हाळसाबाईनं अशी धास्ती घेतली होती की नवरा गेला तेव्हाही ती एवढी भ्याली नव्हती. दिवसभर चार भिंतींत बसून माणसानं करायचं तरी काय?

थोरलं घोडं तांबडं होतं, उंच, गरीब स्वभावाचं. त्याचा व्हिडिओ धुळानं मोबाइलवर वीस वेळा बघितला होता आणि पाहुण्यारावळ्यांनाही दाखवला होता.

"बस तर खरं, आये. पाळण्यात बसल्यागत वाटंल."

धुळानं तिच्या बगलेत हात घातले, मोहनरावांनी पाय धरले, सून दिपालीनं कडेवरचं पोर खाली ठेवून मागून रेटा दिला. तिघांनी मिळून म्हातारीला वर चढवलं.

खोटं कशाला बोला, वर बरं वाटलं. पाय लोंबकळला आणि गुडघ्याचा ठणका थांबला. शेजारचा उभा ऊस, त्यापलीकडं हायवेचे ट्रक, सगळं एका नजरेत दिसायला लागलं. खाली धुळाचं तोंड नुसतं फुलून गेलं होतं. पोराचा आईवर जीव होता, त्यात काही खोट नव्हती. म्हणून तर तिची पंचाईत झाली होती.

मग तिनं खाली बघितलं. जमीन फार लांब होती. उद्या गडीमाणसं मेंढरं घेऊन पुढं जातील. मागं राहतील बाया, पोरं आणि सामान लादलेली घोडी. वाटेत लघवीला उतरायचं झालं तर तिला उतरवणार कोण? एकटी दिपाली, कडेवर पोर घेऊन? आणि परत चढवणार कोण? तेही दिवसातून किती वेळा? तिच्या सासूलाही असंच तिघांनी उचलून घोड्यावर ठेवलं होतं. पहिल्या मुक्कामाला हसत उचललं, चौथ्या मुक्कामाला कुरकुरत उचललं, आणि पुढच्या वर्षी गावातच ठेवलं. त्या तिघांत एक म्हाळसाबाई होती.

"खाली घ्या मला," ती म्हणाली.

"का गं? भ्या वाटतंय?"

"व्हय."

भीती वाटत होतीच, फक्त घोड्याची नव्हती.

दुसरं घोडं ठेंगणं, मळकट, पोट सुटलेलं होतं. त्याच्या आयाळीत गोखरू अडकले होते. म्हाळसाबाईनं त्याचा कासरा धरला, तसे मोहनराव हसले.

"मावशी, त्ये सामान लादायचं हाय. मी ते मिरचीवाल्याला द्यायला आणलंय."

"मला पेलंल का?"

"तुमी तर चिपाडावानी हायसा. पेलंल की. पर बसून शोभत न्हाय वो."

"शोभायला मी काय नवरदेव हाय?"

ती घोडं ओढत बांधापाशी गेली. कासरा न सोडता बांधावर चढली. थोरलं तर नाकारून बसली होती. आता हेही जमलं नाही तर सकाळी बावड्याची एसटी ठरलेली. धुळा मागोमाग यायला लागला, तेव्हा तिनं न वळता सांगितलं, "कुणी हात लावायचा न्हाय."

पहिल्या खेपेला घोडं बाजूला सरकलं आणि ती बांधावरच बसली. धुळानं पाऊल उचललं, दिपालीनं त्याचा दंड धरला. दुसऱ्या खेपेला गुडघा असा करकरला की सगळ्यांना ऐकू गेलं असणार असं तिला वाटलं. तिसऱ्या खेपेला तिनं आयाळ मुठीत धरली, डोळे मिटले आणि अंग घोड्यावर टाकलं. डोळे उघडले तेव्हा ती दोन्ही पाय एका अंगाला सोडून बसलेली होती.

"आये, अगं तुझं पाय जमिनीला टेकायला आल्यात," धुळा ओशाळून म्हणाला. "लोकं काय म्हनतील?"

"टेकू देत की. म्हनूनच घेतीय."

धुळाला काही उमगलं नाही. दिपालीला उमगलं असावं. तिनं सासूकडं एकदा नीट बघितलं आणि खाली ठेवलेलं पोर उचलून परत कडेवर घेतलं.

धुळा दोन्ही हात पुढं करून आईला उतरवून घ्यायला आला, पण तोवर ती घसरून खाली आली होती. नेमका दुखरा पाय आधी टेकला. कळ थेट मस्तकात गेली, डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं घोड्याच्या पाठीवर हात टेकला, दात आवळले आणि कळ उतरायची वाट बघत तशीच उभी राहिली.

"बगा मोहनराव," धुळा म्हणाला, "आत्तापासनंच कुरवाळाय लागली. लळा लागला म्हातारीला."