अमृतची पट्टी

“आत्ता काय दाबू?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“आत्ता काहीच नको दाबू, माय. पहिले दख.” दामिनीने टीव्हीकडे बोट केलं. “डावीकडली पट्टी तुन्ही, उजवीकडली मन्ही. मधमा चेंडू. वरलं बटन दाबं की पट्टी वर जास, खाललं दाबं की खाले. चेंडू सुटना की समोरनाले एक गुण. दहा व्हयनात की डाव खलास.”

“बस, इतलंच?”

“इतलंच.”

इतक्या सोप्या खेळाचा डबा या घरात अठ्ठावीस वर्षं फडक्यात गुंडाळून पडला होता. आज आखाजी, खानदेशातली अक्षय तृतीया. सांजोऱ्या अर्ध्या तळून झालेल्या, कढई तशीच चुलीवर, आणि मायला मात्र खेळ शिकायचा होता. दामिनी नाशिकहून माहेरी पोहोचली तेव्हा डबा पुसून, तारा सोडवून, टेबलावर तयार ठेवलेला होता.

“अमृत सपनमा येस,” माय म्हणाली होती. “रिमोट पुढे करस नि म्हनस, माय, खेळ. माले येस नही. त्याले काय सांगू?”

देवघरापाशी, गेलेल्यांसाठी भरतात तशी, अमृतच्या नावाची घागर भरून ठेवली होती, वर आंबा. बाहेर गल्लीत पोरी झोक्यावर बसून गात होत्या. भर दुपारी सणाच्या घरात तिला थंडी वाजल्यासारखं झालं.

तिचा धाकटा भाऊ अमृत तेव्हा बारा वर्षांचा होता, ती चौदाची. वडील शहाद्याला गेलेले. मळ्यासाठी तापीच्या काठावर बसवलेली पाण्याची मोटार बंद करायला कुणीतरी जायला हवं होतं. दिवा लावायच्या आधी माय घर झाडून घ्यायची. झाडता झाडता म्हणाली, दोघांतून एक जण जा. दोघंही जागची हलेनात. मग अमृतनेच पैज लावली, जो हरेल तो जाईल. तो लावणारच. या खेळात त्याला दामिनीने जन्मात हरवलं नव्हतं.

त्या दिवशी तो हरला. गेला, आणि दुसऱ्या दिवशी नावाड्यांनी त्याला पाण्यातून वर काढलं.

हरला कसा, हे कुणी विचारलं नाही. पोरगं गेल्यावर गुण कोण मोजत बसतं? पण दामिनीच्या डोळ्यांसमोरून तो डाव हलला नाही. नऊ-सहा. नऊ अमृतचे. आणि मग त्याची पट्टी पडद्याच्या मधोमध थांबलेली, पांढरी, उभी. पुढे ती शिक्षिका झाली, तरी फळ्यावर उभी रेघ ओढायची वेळ आली की आजही खडू एखाद्या मुलाच्या हातात द्यायची.

माय शिकली. पहिले पाच चेंडू सुटले, सहावा अडला. टक्क आवाज झाला तशी ती हसली.

“का वं दामी, ही पट्टी आपलीआप थांबी जास का कधी?”

चोराच्या मनात चांदणं. दामिनीचा हाताशी आलेला चेंडू सुटला.

“जास. जुनं मशीन शे.”

“मंग खेळनारा काय करस?”

“बोंबलस. आजून काय?”

“अमृत बोंबलना व्हता,” माय म्हणाली. “माले याद शे.”

टक्क. टक्क. माय पडद्याकडेच बघत होती. तिचा अंगठा बटनावर नीट पडू लागला होता.

“तू त्याले काय म्हनं तवय?”

दामिनीला आता कळून चुकलं. शिकवायला ती बसली होती, पण परीक्षा तिचीच चालली होती. मायला संशय आहे, कदाचित पहिल्या दिवसापासून आहे. सपन वगैरे सगळा बहाणा. तिने रिमोट खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षं नवऱ्याला सांगितलं नाही, देवाला सांगितलं नाही. आणि मायचं आता वय झालं. आज नाही तर मग कधी?

“माय, त्यानी पट्टी बंद पडी व्हती,” ती म्हणाली. “डबाना मांगे रिमोटनी पिन निघी जायेल व्हती. लोंबी ऱ्हायनी व्हती. माले दिसनी. तो म्हने, चालत नही. मी म्हनं, हारी ऱ्हायना म्हनीसन बहाना नको करू. चार चेंडू मारात नि त्याले धाडं. पिन लाव, इतलंच म्हनती ते तो जिकता. मी जाती, माय. मी जाती नदीवर.”

ती ढसाढसा रडली. मायने थोबाडीत दिली असती, शिव्याशाप दिले असते, तर बरं वाटलं असतं. माय बटन दाबत राहिली. पडद्यावर दामिनीची पट्टी उभीच होती आणि मायला फुकटचे गुण मिळत होते.

डाव संपला. मायने डोळे पदराने पुसले. मग लेकीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि बराच वेळ दाबून धरला.

“पिन दखी तू,” ती हळू म्हणाली. “नि मन्हा हात नही दखा? तिन्हीसांजले पोरीले नदीवर कशी धाडू, म्हनीसन झाडता झाडता मीच काढेल व्हती ती.”