ठिपके दिसत नाहीत

"बंदुकीवर बसवायची दुर्बीण हाय का? रातीची?" महेंद्रने पायरी चढता चढताच विचारलं.

गनीभाईंनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मागून पदर सावरत येणाऱ्या भागीरथीकाकूंकडे. नगरातलं त्यांचं दुकान जुनं. वडील शिकाऱ्यांच्या दुर्बिणी दुरुस्त करायचे, तेव्हापासूनचं.

"बंदुकीवरची मी ठेवत नाही. हातात धरायची आहे. कशाला पाहिजे?"

"काकूंच्या उसात बिबट्या हाय. दोन महिने झाले. आता निकाल लावायचा त्याचा."

"बिबट्याला गोळी घातलीत तर निकाल तुमचा लागेल. जंगल खात्याला कळवा."

"नदीवर सरकारी गाडी नको मला," महेंद्र तुटकपणे म्हणाला.

का नको, ते राहुरीकडच्या त्यांच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. महेंद्र काकूंच्या दिवंगत नवऱ्याचा पुतण्या. त्याचे दोन ट्रॅक्टर रात्री मुळा नदीतून चोरून वाळू काढायचे, आणि वाट काकूंच्या बांधावरून. बांध खचला, विहीर तळाला गेली. दिवाळीत काकू वाटेत आडव्या उभ्या राहिल्या, तर हा म्हणाला, "काकू, बाजूला व्हा. अंधारात ट्रॅक्टरला मानूस दिसत न्हाई."

मग एका रात्री ड्रायव्हरला उसात दोन डोळे चमकताना दिसले. गुरगुर ऐकू आली. गडी ट्रॅक्टर तिथंच टाकून पळाला. सकाळी चिखलात ठसे निघाले. तेव्हापासून कोणी ड्रायव्हर त्या वाटेला जाईना. गावाने काकूंना सांगितलं, वस्ती सोडा, गावात या. काकूंचा आवाज मुळातच हळू. त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "माझा देव तिथं, माझी हीर तिथं. मी हलनार न्हाई." आणि महेंद्र दुर्बीण आणायला निघाला तेव्हा त्याच्या आधी जीपमध्ये जाऊन बसल्या. रान माझं, वस्तू मी बघून घेणार.

गनीभाईंनी चहा मागवला.

"मला नको, भाऊ. सोमवारचा कडक उपास हाय."

दोन दुर्बिणी काउंटरवर आल्या. गनीभाईंनी पहिली उचलली. "ही नाइट व्हिजन. हिला एक दिवा असतो, आपल्या डोळ्याला न दिसणारा. अंधारात सगळं दिवसासारखं दिसतं, फक्त रंग नाहीत. जनावराची मिशीसुद्धा मोजाल."

"हीच द्या," महेंद्र म्हणाला.

"आन दुसरी?" काकूंनी विचारलं.

"ही थर्मल. हिला उजेडच नको. ही अंगाची ऊब बघते." त्यांनी ती काकूंच्या हातात दिली आणि काउंटरखाली झोपलेल्या मांजराकडे बोट केलं. काकूंनी डोळा लावला. काळ्याभोर फरशीवर पांढरंशुभ्र मांजर.

"ही तर कबरी हाय. कबरेपना दिसत न्हाई."

"ऊब दिसते, ताई, रंग नाही. बिबट्याचे ठिपके काय गरम असतात?"

महेंद्र हसला. "ठिपके मोजून त्याला पोरगी द्यायचीय का?"

काकूंनी दुर्बीण खाली ठेवली नाही. "लांबून कंची चालती?"

"थर्मल. चारशे-पाचशे पावलांवरूनही जनावर आहे एवढं कळतं. पहिलीचा दिवा तेवढा पोचत नाही. जवळ जावं लागेल."

"तू जवळ जानार व्हय रे, महेंद्र?"

महेंद्रने पहिली दुर्बीण बाजूला सारली. "थर्मल बांधा."

खोकं बांधता बांधता गनीभाईंनी सहज विचारलं, "ठसे नीट पाहिलेत ना?"

"पाहिले की! तळहाताएवढे. चिखलात चार-चार नखं रुतलेली. काकूंची कारवानी जातीची कुत्री हुती, राणी. वासराएवढी. ती पन तवापासून गायब. त्यानंच नेली."



"नखं?" गनीभाईंचा सुतळीवरचा हात थांबला. त्यांनी काउंटरखालच्या मांजराच्या, नखं आत ओढलेल्या पंजाकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकूंनी नजर खाली घेतली नाही. क्षणभराने गनीभाईंनी गाठ पक्की आवळली. "थर्मलच बरी, साहेब. तुमच्या कामाला हीच."

दिवस मावळला तेव्हा महेंद्र बंदूकवाल्या रंभाजीला घेऊन वस्तीवर आला. काकू चुलीपुढे भाकरी थापत होत्या.

"उपास ना तुमचा? एवढ्या भाकरी कुनाला?"

"मुक्या जिवांना लागत्यात."

दोघे लांबच्या बांधावर उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढले. अंधार पडला. बऱ्याच वेळाने महेंद्रच्या दुर्बिणीत काहीतरी हललं. उसाच्या कडेने एक लांबलचक पांढरं जनावर चाललं होतं. बारीक कंबर, लांब शेपूट. ते थांबलं, वळलं. मागून दोन लहान पांढरे गोळे लुटुलुटु बाहेर आले.

"रंभाजीमामा... मादी हाय. दोन पिल्लं हायत."

"मला नुसतं काळं दिसतंय. कशावर झाडू? डोस्क्यावर?" रंभाजीने बंदूक खांद्याला अडकवली. "पिल्लाची मादी एकदा चुकली तर आपल्यालाच फाडंल. मी न्हाई बाबा." आणि तो ट्रॉलीतून उतरलासुद्धा.

महेंद्र धावत अंगणात आला. "काकू, जीपमधी बसा. तीन हायत, तीन!"

"न्हाई."

"मरशाल!"

"मेले तर माझ्या हिरीपाशी मरन." काकूंचा आवाज तसाच, हळू. "तुझ्या ट्रॅक्टरचं काय?"

"ही वाट बंद. जल्मात पुन्हा येत न्हाई इकडं. ह्ये खोकं पन ठिवा तुमालाच."

जीपचा आवाज गावाकडे विरून गेला. काकूंनी देवापुढची वात सारली, परातीत भाकरी कुस्करून त्यावर दूध ओतलं आणि उसाच्या कडेला जाऊन हलकेच हाक मारली, "राणे, ये गं बाळंतिनी. गेले ते."