जिन्याखालच्या बाटल्या

घरी केलेली बिअर बाटलीत मुरवण्याच्या बाबतीत डेस्मंडइतका हट्टी माणूस अख्ख्या लीड्समध्ये नव्हता. बाटलीवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं साल उजाडल्याशिवाय तो बूच काढायचा नाही. लेकीच्या लग्नातही त्याने पाहुण्यांना दुकानातली बिअर पाजली होती.

आज तो तपासणीचा रिपोर्ट घेऊन घरी आला, तेव्हा त्याची बायको ग्लेनिस दारातच उभी होती.

"काय म्हणाले रे डॉक्टर?"

"ठणठणीत आहे म्हणाले. उगाच सकाळपासून माझा जीव खाल्लास."

तिच्या जिवात जीव आला. ती चहा टाकायला वळली.

"चहा नको गं, दोन ग्लास काढ," तो जिन्याखालच्या कपाटातून म्हणाला.

 

तो बूच काढूनच बाहेर आला. बाटलीवर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, २०४१.