काचपेटीतल्या अळ्या

या माउली, असे जवळ सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. सेलूतल्या एका घरची गोष्ट सांगायची आहे. अळ्यांची आहे, पण नाक मुरडू नका.

लीलाबाई काचपेटीसमोर उभ्या होत्या आणि आतल्या काचेवर अळ्या चालत होत्या. पांढऱ्या, दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या. परवा अर्धं पाणी बदललं होतं. काल काच घासली होती. शेजारणीनं सांगितलं म्हणून मीठही टाकून झालं. मिठानं दोन मासे उताणे झाले, अळ्यांना ढिम्म काही झालं नाही. उरलेले पाच मासे वर येऊन हवा गिळत होते.

पेटी लेकीनं आणून दिली होती, बापासाठी. बाप म्हणजे माधवराव पखवाजी. पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असो, साथीला त्यांचाच हात. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली. पाय घासत का होईना, पडू लागला. उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. माधवरावांनी कीर्तनाला जायचं सोडलं. पखवाज गवसणीत घालून माळ्यावर टाकायला लावला. मग दिवसभर खुर्चीत. उजव्या अंगाला ही पेटी, आणि माशांकडे लागलेले डोळे. तेवढ्यातच काय तो त्यांचा जीव रमायचा. एकेक मासा त्यांच्या डोळ्यांदेखत मरावा, हे लीलाबाईंना सोसणारं नव्हतं. म्हणून त्यांनी मासे विकणाऱ्या बालाजीला निरोप धाडला होता, की बाबा, पेटी घेऊन जा.

बालाजी बादली आणि रबरी नळी घेऊन आला. पेटी उचलण्याआधी त्यानं नळीचं तोंड तळाच्या खड्यांत खुपसलं. पाण्याबरोबर पांढरा गाळ बादलीत आला. त्यानं चिमटीत धरून चोळला, वास घेतला.

"काकू, दाणे किती टाकता?"

"सकाळी एक चिमूट. तू सांगितली तेवढीच."

"मग ही कणीक कुठली?"

लीलाबाईंनी बादलीत वाकून पाहिलं.

"अळ्या काय आभाळातून पडत न्हाईत," बालाजी म्हणाला. "माशानं खाऊन उरलेलं तळाला सडलं, की त्यायची पंगत बसती. तुमी किती बी काच घासा. कोणीतरी रोज वाढायलंय."

कणीक म्हटल्यावर लीलाबाईंची नजर स्वयंपाकघराकडे गेली. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं, रोज कणकेचा गोळा त्यांच्या मुठीत द्या, दाबू द्या. पहिल्या दिवशी माधवराव म्हणाले होते, "मढ्याच्या मुठीत लाडू कशाला देतीस?" तरी दोन महिने लीलाबाई रोज सकाळी वाटीत गोळा ठेवायच्या, वाटी त्यांच्या मांडीवर ठेवायच्या, आणि काही न बोलता आत निघून जायच्या. समोर उभं राहून बघायची हिंमत नव्हती. दुपारी भांडी घासायला येणारी कडूबाई ती वाटी उचलायची.

"कडूबाई, ती कणीक तू टाकतेस का ह्यात?"

कडूबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "घ्या. मासे मारून मला कोणता सरग मिळणार हाय? वाटी तर मला रोज रिकामीच घावती. मला वाटलं, तुमीच चिमण्यायला टाकता."

"मी नाही टाकत. मला वाटलं, तू टाकतेस."



"तिला बोलू नको," खुर्चीतून आवाज आला. "मी टाकतो."

माधवरावांनी मान खाली घातली होती. "पखवाजाच्या डाव्या तोंडाला घुमारा यावा म्हणून लावलेली कणीक कीर्तन झाल्यावर खरवडून नदीच्या माशाला घालायची, अशी रीत हाय आपली. अन्न उकिरड्यावर कसं टाकावं? आता नदीवर जाणं होत न्हाई. म्हणलं, मासे तर हायेत."

"अख्खा गोळा?"

"पहिल्यांदा अख्खाच निसटायचा. आता चिमूट चिमूट निघायलीय."

लीलाबाई खुर्चीजवळ आल्या. "कोणत्या हातानं?"

मांडीवरच्या वाटीतली कणीक चिमटीत धरून माधवरावांचा उजवा हात हलला. थरथरत उचलला गेला, दोनदा खाली आला, तिसऱ्यांदा पेटीच्या काठावर टेकला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट वेगळं झालं. ज्वारीच्या दाण्याएवढी कणीक पाण्यात पडली. एक मासा आला आणि ती घेऊन गेला.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू उद्याच कीर्तनाच्या महाराजाला निरोप धाडून मला साथीला बसवलं असतंस. हात वाजला नसता, तर तुझ्या तोंडाकडं बघवलं नसतं मला."

लीलाबाई तिथंच फरशीवर बसल्या. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला, बोटांना लागलेल्या कणकेसकट, आणि कपाळाला लावला. कडूबाई डोळे पुसत म्हणाली, "आता मला कशाला रडवायलात? भांडी राहिली माझी."

बालाजीनं नळी गुंडाळली. "काकू, पेटी न्यायची का ठेवायची?"

"ठेव. आणि औषध काय घालू?"

"औषध कशाला? कणीक चिमण्यायला घाला. वाढणारा थांबला की अळ्या आपसूक कमी होतेत."

तशा त्या कमी झाल्याही. पण माउली, सांजवात लावून घरादारासाठी हात जोडता ना, तेव्हा माधवरावांचा हात परत आल्याची पहिली खबर ज्यांनी दिली, त्या अळ्यांनाही आठवा.