फ्रिजमधली नळी

पार्वतीनं दार उघडलं, तर ध्यानीमनी नसताना लातूरचा नवरा नांदेडात उभा. हातात पिशवी नाही, ओल्या पंच्यात गुंडाळलेली काचेची नळी. तळहातावरच्या फोडासारखी जपलेली.

"फ्रिज चालू हाय ना?" नरसिंगनं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

म्हणजे बायको आठवली, ती फ्रिजपायी. पार्वती बाजूला झाली.

लातूर जिल्हा झाला, त्याला तिथल्या कॉलेजात नोकरी लागली. तिची शाळा नांदेडातच राहिली. आता दुष्काळानं नव्या जिल्ह्याचा तोरा पार उतरवला होता. लॅबमध्ये वीज नाही, बर्फाचा कारखाना पाण्यावाचून बंद. नळीतले जंतू तीस अंशांवर सुखानं वाढायचे. बेचाळीसला गेले की त्यांच्या डीएनएची नवी नक्कल निघणं बंद. आणि लातूरची खोलीच बेचाळीसला पोचली होती. असंच राहिलं तर सगळे मरणार होते.

"असला अधू जंतू कशाला जपून राहिलेत?" पार्वतीनं विचारलं.

"धडधाकट जंतू अडतच न्हाई, त्याला काय विचारावं? ह्यो उन्हात अडतो. कुठं अडला ते हुडकलं, की नक्कल काढायला कोणता पुर्जा लागतो ते कळतं."

"अडला की लगेच मरतो?"

"न्हाई. हातातली नक्कल पुरी करतो. नवी सुरू करत न्हाई. येळेवर गारव्यात आणला तर परत लागतो कामाला."

तिनं आणखी विचारावं असं त्याला फार वाटलं. लातुरात हे सांगणार कुणाला, भिंतीला? कित्येक दिवसांत त्याच्याशी एवढंसुद्धा कोणी बोललं नव्हतं.

त्यानं फ्रिज उघडला. आत एका माणसापुरती भाजी, वाटीभर दही. जागाच जागा. नळी ठेवून तो तिथंच घुटमळला. राहू का, हे विचारायला जीभ रेटेना. मग म्हणाला, "लाईट आली की येतो न्यायला. बहुतेक पुढच्या ऐतवारी."

पार्वतीनं फ्रिजचं दार हळूच लावलं.

"नळीचं बघते मी," ती म्हणाली. "पर वार सांगून जाऊ नका. सांगितला की मी वाट बघते."