तिसऱ्या वर्षीचा नंबर

शाळाप्रवेशाच्या सोडतीची यादी सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर झळकली. सलग तिसऱ्या वर्षी लेकीचं नाव त्यात नव्हतं.

"चिठ्ठ्या कसल्या काढता? मार्क बघून प्रवेश द्या म्हणावं! पोरगी वर्षभर वहीत नाक खुपसून बसलीय," बाप करवादला.

"मार्क आहेत कुठे? यंदापासून प्राथमिकला नुसती अ, ब, क श्रेणी. तिच्या पहिल्या नंबराचं आता लोणचं घाला," आई म्हणाली.

लेक डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होती. "बाबा, मला तर काहीच दिसत नाहीये."

"नावच नाही तर दिसणार काय, कपाळ!"

दरवर्षी सोडत झाली की सासूबाई फोन करून एकच प्रश्न विचारत. यंदा त्यांचा फोन आठवड्याने आला, तेव्हा सून लेकीचा हात धरून डोळ्यांच्या दवाखान्यातून बाहेर पडत होती.

"काय गं, लागला का एकदाचा माझ्या नातीचा नंबर?"



"लागला, आई. डाव्या डोळ्याला दोन, उजव्याला सव्वादोन."